रामटेकला नऊला नको, साडेपाचला निघा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

जर्मन पाहुणीला रविवारी रामटेक दाखवायचं ठरवलंत, छान केलंत. पण बाबा, तुमचं ते "नऊला निघू, आरामात" तेवढं बदला. नागपूरच्या घरून साडेपाचला निघा. कामठी, कन्हान, मनसर, मग उजवीकडे वळायचं. पन्नासेक किलोमीटरला सव्वा तास धरा. मार्चमध्ये सूर्य साडेसहाच्या सुमारास वर येतो, आणि ऊन तिरपं असतं तोवरच रानातला पळस पेटल्यासारखा दिसतो. दहानंतर तेच रान करडं, धुरकट. त्यात सध्या मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्याचा धूर खाली साचून राहतो. त्यामुळे लांबवर स्वच्छ दिसेल अशी तिला आशा लावू नका. त्यासाठी पावसाळा संपल्यावर जावं. आत्ता बघायचा तो पळस. "पळसाला पानं तीनच" ही म्हण तिला सांगाल, तर पुरावा मात्र मिळणार नाही, फुलतो तेव्हा झाड उघडं असतं.

गाडी डोंगरावरच्या गडमंदिराच्या, म्हणजे राममंदिराच्या, जवळपर्यंत जाते. अंबाळा तलावाकडच्या पायऱ्या तिला चढायच्या असतील तर चढू द्या. तुम्ही दोघं गाडीनंच जा, गुडघ्यांशी वाद नको. वरच्या मोठ्या वराहमूर्तीच्या पायांखालून लोक सरपटत जातात, बाबांनी फक्त बघावं.

खरी काळजी माकडांची. त्यांना प्लॅस्टिकचा आवाज कळतो, म्हणून वेफर्सचं पाकीट, प्रसादाची पिशवी, काहीही हातात नको. खाणं गाडीत, काचा लावून. सध्या मृग बहाराची संत्री आहेत, तीच न्या. माकड जवळ आलं तर डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, दात काढून हसायचं नाही. त्याला ती धमकी वाटते. पाहुणी नेमकी हसेल, म्हणून आधीच सांगून ठेवा. ओरखडा उठलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा. हळद भरू नकोस, आई.

चपला काढल्यावर दगडी फरशी अकराच्या पुढे पाय भाजते. सुती मोजे घ्या. पाणी माणशी दोन लिटर. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची. पेलाभर पाण्यात ढवळली की मीठ जास्त होतं आणि तहान उलट वाढते. दोनशे मिलीची छोटी पुडी वेगळी मिळते, पुडीवर बघून घ्या. बाबांची बीपीची गोळी घरूनच घेऊन निघायचं.

ती कालिदासाच्या मेघदूताबद्दल विचारेल. त्याचं जर्मन भाषांतर मॅक्स म्युलरनं 1847 मध्ये केलंय, तेव्हा गप्पा तिथून सुरू करता येतील. पण "कालिदासानं इथेच बसून लिहिलं" असं ठोकून देऊ नका. काव्यातला रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत इतिहाससंशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. काही जण तो छत्तीसगडातला रामगढ मानतात. दोन्ही सांगा. शिवाय यक्षाचा ढग आषाढातला, तुम्ही जाताय फाल्गुनात. वाकाटकांच्या काळातलं, पाचव्या शतकातलं केवल-नरसिंहाचं देऊळ मात्र चुकवू नका. लोक सरळ राममंदिराकडे जातात आणि खरं जुनं तेच राहून जातं.

साडेदहापर्यंत खाली उतरा. खिंडसी तलावात बोटीत बसलात तर लाइफ जॅकेट तिघांनीही घालायचं, "मला पोहता येतं" हे बाबांचं चालणार नाही. परतताना तर्री-पोहे खाल तेव्हा तिची तर्री, म्हणजे तो तिखट रस्सा, वाटीत वेगळी मागा.

आई, पळसाची फुलं तोडू नकोस, खाली पडलेलीच वेच. ओंजळभर फुलं तांब्याभर गरम पाण्यात रात्रभर ठेवली की सकाळी केशरी पाणी होतं. होळीपर्यंत टिकवायची तर सावलीत वाळव. ओली पिशवीत बांधून ठेवलीस की बुरशी धरतात.

तुमची,
थोरली