माझी चप्पल भिजू नये म्हणून

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

आजीला जाऊन आज वीस दिवस झाले. मुक्तिधामाहून परतल्यावर घरातल्या सगळ्यांनी अंघोळ केली, तशी मीही केली. एकदाच, आणि दहा मिनिटांत बाहेर आलो. आई न्हाणीघराच्या दाराशी उभी होती. तिने माझ्या हातात पंचा दिला आणि काही न बोलता माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पाहुण्यांनी भरलेल्या घरात त्याचा अर्थ आम्हा दोघांखेरीज कोणाला कळला नाही. तुम्हाला तो कळेल, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

वयाच्या तेराव्या वर्षापासून माझ्या मनात एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती, की मी हात नीट धुतले नाहीत तर आजी मरेल. हे खरे नाही हे मला तेव्हाही पुरते कळत होते, आणि तरीही नळ बंद करता येत नव्हता. २०१७ साली आपले इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिले आले, तेव्हा मी आठवीत होतो. स्वच्छता कशी असावी ते या मुलाकडून शिका, असे वर्गशिक्षकांनी मला उभे करून सगळ्या वर्गाला सांगितले. माझ्या बोटांच्या पेरांवर पडलेल्या भेगा त्यांना दिसल्या नाहीत. घरात सोवळेओवळे पाळले जात असल्यामुळे नातेवाइकांना तर हे चांगले वळणच वाटले. ‘याला मंत्रचळ लागलाय’ म्हणून एक काका चारचौघांत हसले. मराठीत या आजाराला, म्हणजे डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात त्याला, खरोखरच मंत्रचळ म्हणतात, म्हणजे नाव अगदी बरोबर घेतले होते, फक्त आजार म्हणून घेतले नव्हते. पुढे ज्या डॉक्टरांकडे मला नेले, त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. मुलगा रिकामा बसतो, त्याला कशात तरी गुंतवा, एवढे आईला सांगून त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावले. मग करोना आला, सगळे जग वीस सेकंद हात धुऊ लागले, आणि मी चाळीस मिनिटे धूत असूनही त्या वर्षी कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. माझी चार वर्षे अशी गेली, याचा राग माझ्या मनात अजून आहे आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही.

तुमच्याकडे आम्ही प्रथम आलो ते २०२१ च्या पावसाळ्यात. चप्पल मी बाहेर पायरीवर काढली होती. आम्ही आत बसतो न बसतो तोच मोठी सर आली. तुम्ही आईशी बोलता बोलता उठलात, बाहेर गेलात, चिखलाने माखलेली माझी चप्पल हाताने उचलून आत आणलीत आणि भिंतीशी नीट जोडून ठेवलीत. मग हात नुसते झटकलेत, आईपुढे ठेवलेल्या बशीतली चिमूटभर शेव तोंडात टाकलीत आणि मला विचारलेत, ‘हं, शाळेत कोणता विषय आवडतो?’ मी उत्तर दिले नाही, कारण मी तुमच्या बोटांकडे पाहत होतो. रुग्णाला जे करायला सांगायचे ते आधी स्वतः करून दाखवणे हा या उपचाराचाच एक भाग आहे, हे मला नंतर कळले. त्या दिवशी मात्र तुम्ही मला काही शिकवत होतात असे मला आजही वाटत नाही; एका मुलाची चप्पल भिजते आहे, इतकेच तुमच्या मनात असावे. ज्या वस्तूला मी स्वतः हात लावला नसता, ती तुम्ही कपाळाला आठी न घालता उचललीत. तोवर मला वाटत असे की घाण माझ्यातच आहे.

पुढचे सगळे तुम्हाला ठाऊक आहे. भीतीला सामोरे जायचे आणि तरी हात धुवायचे नाहीत, ही रीत व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली लंडनमध्ये मांडली, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा माझ्यासारखी माणसे पूर्वीही होती आणि दूरदेशीही होती, याचाच मला मोठा आधार वाटला. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागतील असे आधीच बजावल्यामुळे सहाव्या आठवड्यात आम्ही धीर सोडला नाही. सर्वांत अवघड गेले ते आईला. ‘आजीला काही होणार नाही ना?’ असे मी दिवसातून शंभरदा विचारायचो आणि ती शंभरदा नाही म्हणायची. ते उत्तरच माझ्या भीतीला खतपाणी घालते, हे तुम्ही तिला समजावलेत. डोळ्यांत पाणी आणून ‘याचं उत्तर मी देणार नाही, बाळा’ म्हणणारी आई मी कधी विसरणार नाही.

आजी चौऱ्याऐंशी वर्षांची होऊन झोपेत गेली. मी रडलो, खूप रडलो, पण माझ्या हातांचा आणि तिच्या जाण्याचा संबंध मी जोडला नाही. मला तिच्यासाठी इतर नातवंडांसारखे नुसते रडता आले, आणि ते तुमच्यामुळे आले.

शिकलेली माणसे या शहरात पुष्कळ आहेत, पण समोरच्या मुलाला न लाजवता त्याच्याशी वागण्याचा साधा चांगुलपणा मला फार थोड्यांत दिसला, आणि तो तुमच्या पदवीपेक्षा मला मोठा वाटतो.

रात्री गॅसचे बटण मी अजून दोन-तीनदा तपासतो. आजी गेल्यापासून ते थोडे वाढले आहे. त्याविषयी पुढच्या गुरुवारी बोलू.

आपला,
रामबागेतला तुमचा जुना रुग्ण