तेल लावलेल्या वेण्यांमधून मेंदूच्या लहरी दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या मराठी शाळेत तुम्ही आलात, त्याचे आभार चारचौघांत मानावेत असं मनापासून वाटलं, म्हणून हे पत्र.

मेंदू म्हणजे आकृती काढून नावं द्यायची, एवढीच आमच्या मुलांची ओळख. तुम्ही थेट एका मुलीच्या डोक्याला इलेक्ट्रोड (मेंदूतली विजेची हालचाल टिपणाऱ्या छोट्या चकत्या) लावले. केस तेलाने चापून बसवलेले, सिग्नल काही येईना. तुम्ही न कंटाळता भांग पाडून त्वचा कापसाने पुसलीत, पुन्हा जेल लावलंत. पंखे बंद केलेत, लॅपटॉपचा चार्जर काढलात, कारण मेंदूचा सिग्नल जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा (एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग), आणि विजेच्या तारांची 50 हर्ट्झची गुणगुण त्याला सहज झाकून टाकते. मग तिने डोळे मिटले आणि सेकंदाला दहाएक वेळा वरखाली होणाऱ्या अल्फा लहरी पडद्यावर आल्या. डोळे उघडले की जवळजवळ नाहीशा! हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञांनी 1924 साली जर्मनीत माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा नोंदवल्या, हे तुम्ही त्यानंतर सांगितलंत. आधी बघायचं, मग नाव-साल. हा क्रम मी आता माझ्या तासाला पाळते.

"मनातलं वाचता येतं का?" या प्रश्नावर तुम्ही सरळ "नाही" म्हणालात, याचं मला फार मोल वाटतं. कवटीबाहेरून असंख्य पेशींची एकत्रित हालचाल तेवढी कळते. पापणी लवली तरी रेघ केवढी उसळते, तेही दाखवलंत. पण वाचा आणि हातापायांची हालचाल गेलेल्या माणसाला याच लहरींच्या आधारे पडद्यावरचं अक्षर निवडता येतं, हे ऐकून वर्ग गप्प झाला होता.

आणि तो शेवटच्या बाकावरचा मुलगा. "माझ्या काकाला फिट येते, त्याच्या डोक्याला अशाच वायरी लावल्या होत्या," असं तो भीतभीत म्हणाला. घरी कांदा, चप्पल हुंगवतात हेही त्याने सांगितलं. तुम्ही त्याच्याशेजारी जाऊन बसलात. पुष्कळ पेशी एकदम विद्युत संदेश सोडू लागल्या की झटका येतो, यात बाहेरची बाधा वगैरे काही नसते, हे समजावलंत. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, वेळ बघायची, पाच मिनिटांवर गेलं तर दवाखाना गाठायचा. त्याने ते वहीत उतरवून घेतलं आणि घरी आईला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती माउली शाळेत आली, तुमचं नाव विचारत.

ताई, सातवीची मुलं आता मागे लागली आहेत: झोपेत मेंदू काय करतो? सवड काढून पुन्हा या. त्या दिवशी डोक्याला तेल न लावता यायला सांगेन सगळ्यांना.

तुमची,
एक विज्ञान शिक्षिका, पुणे