गाडी हलवली का?

जॅक्सन हाइट्स, न्यूयॉर्क
रविवार, 5 जुलै 2020

प्रिय अव्या,

"बरा आहेस ना?" म्हणून तू दर आठवड्याला विचारतोस आणि मी नुसता अंगठा पाठवून मोकळा होतो. एप्रिलमध्ये, कोरोनाच्या त्या दिवसांत, खरंच काही लिहवत नव्हतं. एल्महर्स्टचं हॉस्पिटल आमच्यापासून चालत पंधरा मिनिटांवर. तिथल्या रांगा तू टीव्हीवर पाहिल्या असशीलच. रात्रभर सायरन, आणि संध्याकाळी सातला खिडक्या उघडून नर्स-डॉक्टरांसाठी टाळ्या. ते सगळं तुला ठाऊक आहे. आज मी तुला पार्किंगबद्दल लिहिणार आहे. हसू नकोस.

लक्ष्मी रोडमागच्या गल्लीत पी-वनच्या पाटीखाली स्कूटर लावून, आज तारीख सम की विषम यावरून तू ट्रॅफिकच्या मामाशी हुज्जत घातली होतीस, आठवतं? तोवर स्कूटर टेम्पोत चढली होती. इथेही तेच, फक्त तारखेच्या जागी वार. पी अक्षरावर तिरका झाडू काढलेली लाल पाटी. आमच्या बाजूला सोमवार-गुरुवार, समोर मंगळवार-शुक्रवार, सकाळी साडेआठ ते दहा. तेवढ्या वेळात आपली बाजू रिकामी करायची, म्हणजे झाडूवाली गाडी फुटपाथच्या कडेने पाणी मारत, ब्रश फिरवत जाते. 1950 साली लोअर ईस्ट साइडमधून हे सुरू झालं, कारण उभ्या गाड्यांखालचा कचरा काढायचा कसा, हाच प्रश्न होता. चुकलास तर आमच्या क्वीन्समध्ये 45 डॉलर दंड, खालच्या मॅनहॅटनमध्ये 65.

मग लोक काय करतात? गाड्या समोरच्या रांगेला खेटून दुहेरी लावतात आणि कॉफी पीत आतच बसून राहतात. झाडू गेला रे गेला की सगळे एकदम परत. गेल्या सात वर्षांत माझ्या गल्लीतल्या ज्यांच्याशी ओळख झाली, त्यातले निम्मे मला या दीड तासात भेटलेत. गंमत सांगू? दिवाळीला इथे शाळांना अजून सुट्टी नाही, पण गाडी हलवायला सुट्टी आहे! ईदला आहे, चिनी नववर्षाला आहे. कुणाचा देव या शहराने मानला की नाही, ते झाडूच्या कॅलेंडरवरून कळतं.

18 मार्चपासून महापौरांनी हे सगळं थांबवलं. घरात तापाने पडलेल्या माणसाला गाडी हलवायला खाली उतरायला लावू नये, आणि सफाई खात्याची माणसंही आजारी पडत होती. निर्णय बरोबरच होता, यात मला शंका नाही. आणि खरं सांगतो, मला पहिल्यांदा आनंदच झाला. दारासमोरची जागा आणि गाडी हलवायची गरज नाही! ऑफिस स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलेलं. मी सिविक लावली ती लावलीच.

पण अरे, सगळ्यांनी तेच केलं. कुणी हलेना म्हणून कुणाला जागा मिळेना. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक फिलिपिनो नर्स राहते, रात्रपाळीवाली. 6 मेपासून सबवे, म्हणजे इथली मेट्रो, रात्री एक ते पाच बंद झाली, तशी तिने भावाची जुनी गाडी आणली. सकाळी आठ-सव्वाआठला ती यायची आणि आमच्या चौकाला घिरट्या घालायची. एकदा मी खिडकीत चहा घेऊन उभा होतो. माझा चहा संपला, दुसरा करून झाला, तरी ती आपली फिरतेच आहे. आणि माझी गाडी खाली, सहा आठवडे एकाच जागी, परागांनी पिवळीधमक झालेली. ज्यांना घरात बसायची चैन होती त्यांनी रस्ता अडवला होता, आणि जिला बाहेर जावंच लागत होतं ती पेट्रोल जाळत होती. सातला टाळ्या वाजवणारा मीच, बरं का.

शेवटी आमच्या मीनलने त्या नर्सचा नंबर मिळवला. ती हॉस्पिटलमधून निघाली की मेसेज करायची, मी चप्पल अडकवून खाली. तिची गाडी दिसली की माझी काढायची आणि ती जागा तिला द्यायची. मग मी फिरायचो, कानात ऑफिसची मीटिंग. एकदा रूझवेल्ट ॲव्हेन्यूवर, रेल्वेच्या पुलाखाली सिग्नलला उभा असताना वरून ट्रेन धडधडत गेली आणि आमच्या मॅनेजरने विचारलं, तुझ्या घरात काय पडलं?

खाली कचरा साठत गेला तो वेगळाच. निळे हातमोजे, मास्क, ओल्या पानांचा लगदा. मेच्या 18 तारखेपासून आठवडाभर नियम परत लागू केला, एकदा तरी झाडून निघावं म्हणून, आणि पुन्हा थांबवला. आता 29 जूनपासून सुरू झालाय, पण पाटीवर दोन वार असतील तर त्यातला शेवटचाच धरायचा. म्हणजे आम्हाला फक्त गुरुवार.

परवाच्या गुरुवारी बरेच जण मार्चनंतर पहिल्यांदा भेटले. मास्क लावून, आपापल्या काचेआड, हात हलवत. आमच्या रांगेत एकच गाडी उरली, राखाडी कॅमरी. आमच्या कोपऱ्यावरच्या बांगलादेशी टॅक्सीवाल्या चाचांची. मार्चपासून जागची हललेली नाही. वायपरखाली दंडाची दोन तिकिटं, पावसाने भिजून वाळलेली. चाचांबद्दल कुणी विचारत नव्हतं. उत्तर सगळ्यांनी मनात धरलं होतं. झाडूवाली गाडी आली, कॅमरीला वळसा घालून गेली. मागे पानांचा अर्धा गोल तेवढा राहिला. तिसरं तिकीट लागलं.

पावणेदहाला एक पोरगा धावत आला, हातात किल्ली. चाचांचा मुलगा, ब्रॉन्क्समध्ये राहतो. गाडी कुठली सुरू व्हायला, बॅटरी पार बसलेली. मी माझ्या गाडीतली केबल काढली. बॉनेट उघडून दोघं उभे होतो तेव्हा धीर करून विचारलं, "अब्बा?"

"घरी आहेत. बहिणीकडे." एकोणचाळीस दिवस व्हेंटिलेटरवर होते म्हणाला. आवाज अजून नीट फुटत नाही, चालणं तर लांबच. पण शुद्धीवर आल्यावर हातवारे करून पहिल्यांदा जे विचारलं, ते नर्सला कळेचना. शेवटी कागद दिला, त्यावर लिहिलं: गाडी हलवली का?

अव्या, मी इतका हसलो की मास्क ओला झाला. तोही हसला. तिसऱ्या झटक्याला गाडी सुरू झाली. मी त्याला नवा हिशोब समजावला, कुठली बाजू, कुठला वार, महिनाअखेरीला बकरी ईद आहे तेव्हा हलवायला नको. त्याने तिन्ही तिकिटं घडी घालून पाकिटात ठेवली, 135 डॉलर. आणि जाता जाता काच खाली करून म्हणाला, "अंकल, अब्बा कधी फोन करतील तर सांगा, एकही तिकीट लागलं नाही."

काकूंना नमस्कार सांग. तुमच्याकडे आकडे वाढतायत, उगाच बाहेर हिंडू नकोस.

तुझा,
नंदू