टायपिस्टच्या पगारावर जॅझ

अमेरिकी जॅझ गायिका शीला जॉर्डन ऑगस्ट २०२५मध्ये ९६व्या वर्षी गेल्या. त्यांच्यावर आपल्या पुरवणीत सविस्तर लेख यायला हवा. पेनसिल्व्हेनियात कोळसा खाणींच्या गावात, आजी-आजोबांकडे त्या वाढल्या. पुढे मुलीला एकटीने वाढवायचे म्हणून साठीला टेकेपर्यंत न्यूयॉर्कमध्ये टायपिस्टची नोकरी केली. गाणे रात्री, क्लबात. साथीला अनेकदा फक्त डबल बास, म्हणजे खर्जात वाजणारे मोठे तंतुवाद्य! ना पियानो, ना ड्रम. सूर जरा हलला तरी लपायला जागा नाही. (तानपुऱ्यावर रियाझ करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.) १९७८पासून त्यांनी तिथल्या सिटी कॉलेजात जॅझ गायन शिकवले. मैफली मिळत नाहीत तेच शिकवण्या घेतात, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. या बाई नव्वदीनंतरही दोन्ही करत होत्या.

– एक संगीतप्रेमी वाचक, ठाणे