ताई, तुझ्यामुळे दोघांचं ठरलं (आणि वेगवेगळं ठरलं)

प्रिय ताई,

हे तुला व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर तू एक अंगठा टाकून मोकळी झाली असतीस, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. आता पूर्ण वाचावं लागेल.

जे तुला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी आधी सांगते. ताई म्हणजे माझ्या मामीच्या मैत्रिणीची मुलगी, एमबीबीएस करून दवाखाना न टाकता पीएचडीला गेली, आता खारघरला एका लॅबमध्ये असते, आणि आमच्या लालबागच्या घरात तिचं नाव बरीच वर्षं "बघ, एवढं शिकून उंदीर सांभाळते" असंच निघायचं. (सॉरी ताई. बाबांनी आता बंद केलंय.)

तर झालं असं की माझी इंटर्नशिप संपत आलेली, नीट पीजीचे (एमडीच्या एंट्रन्सचे) क्लास लावलेले, आणि डोक्यात एकच भुंगा, एमडी करायची की रिसर्चला जायचं की दोन्ही एकत्र मिळतं का कुठे. त्याच सुमारास न्यू जर्सीच्या मावसभावाचा फोन, की त्याला मेडिकल स्कूलच्या दोन ऑफर आल्यात, एक साधी एमडीची (तिकडे एमडी म्हणजे आपल्याकडच्या एमबीबीएससारखी पहिली डिग्री) आणि एक एमडी-पीएचडीची, आणि मावशी म्हणतेय फी माफ आहे तर घेऊन टाक. मी म्हटलं थांब, आपण ताईला विचारू. आणि तू, लॅब मीटिंग पुढे ढकलून, आमच्या दोघांसोबत व्हिडिओ कॉलवर बसलीस. तिकडे त्याची रात्र, इकडे तुझा चहा थंड.

पहिल्यांदा तू फी माफीचा विषय निकालात काढलास. तिकडे एमडी-पीएचडी म्हणजे साधारण आठ वर्षं, आधी दोन वर्षं मेडिकलची, मग चारेक वर्षं लॅब, मग परत वॉर्डात यायचं आणि उरलेली दोन वर्षं. फी नाही, वर स्टायपेंड. साधी एमडी केलेल्यांच्या डोक्यावर दोन लाख डॉलरच्या आसपास कर्ज असतं, त्यामुळे मावशीला हे लॉटरी लागल्यासारखं वाटणं साहजिक होतं. तू म्हणालीस, "वर्षं मोज, फी नको मोजूस. तुझ्यासोबतचे चार वर्षं आधी कन्सल्टंट होतील, त्या चार वर्षांच्या पगारात हे कर्ज आरामात फिटतं. फुकट म्हणून करशील तर सगळ्यात महाग पडेल." मग त्यावर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं स्पेशालिस्टचं ट्रेनिंग, तीन ते सात वर्षं, त्यानंतर फेलोशिप, आणि स्वतःची लॅब, रिसर्चच्या पैशांची स्वतःची मोठी ग्रँट हातात येईपर्यंत बऱ्याच जणांची चाळिशी उलटते. मावशी मागून ऐकत होती, ती एकदम गप्प.

आणि लॅबमधून परत वॉर्डात जाणं कसं असतं ते तू सांगितलंस ते तर कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं. चार वर्षं पिपेट धरल्यावर स्टेथो हातात घ्यायचा, सोबतची बॅच तोवर रेसिडेंट झालेली, तेच आपल्याला ऑर्डर देणार, आणि आपण हार्ट साउंड्स आठवत उभे.

मग तू त्याची परीक्षा घेतलीस. तिकडे एमडी-पीएचडीच्या अर्जाला जास्तीचे दोन निबंध लागतात, एक दोन्ही डिग्र्या कशासाठी हव्यात आणि एक आजवर केलेल्या रिसर्चवर. त्याने ते वाचायला घेतले तर तू म्हणालीस वाचू नको, आजीला फोनवर बोलाव आणि तिला सांग तुला काय शोधायचंय. आणि तो आपल्या मोडक्या मराठीत आजीला सिकल सेल सांगायला लागला, की रक्तातल्या पेशी गोल असायला हव्यात त्या कोयत्यासारख्या वाकतात, छोट्या नळ्यांत अडकतात, मग दुखतं, एकच छोटीशी चूक जीनमध्ये, तरी एकाला खूप त्रास आणि त्याच्याच भावाला कमी, असं का? अर्धा तास बोलला. आजी म्हणाली "मग शोध की, कोणी अडवलंय?" तो प्रश्न त्याच्याकडे आधीपासून होता, दोन वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये त्याच्यामागेच होता. फीबीचं त्याच्या डोक्यातही नव्हतं.

मग माझी पाळी. मला वाटलेलं मीपण असंच काहीतरी बोलेन. पण मी आजीला सांगितलं ती ब्लड बँकेतली रात्र. पेशंट ओ पॉझिटिव्ह म्हणून आलेला, आणि ओच्या एकामागून एक बॅगा इनकम्पॅटिबल, म्हणजे त्याच्या रक्ताशी न जुळणाऱ्या, नातेवाईक बाहेर रडकुंडीला, आणि ब्लड बँकेतल्या टेक्निशियन काकांनी शांतपणे अँटी-एच लावून बघितलं आणि म्हणाले, "बॉम्बे आहे." ओ वाल्यांच्या पेशींवर एच नावाचा अँटिजेन (पेशीवरची एक खूण) असतो, बॉम्बे ग्रुपवाल्यांकडे तोही नसतो, त्यामुळे त्यांना ओ पण चालत नाही, फक्त बॉम्बेच लागतं, आणि असा माणूस आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक. मग रात्रभर डोनरना फोन. मी आजीला पेशंटबद्दल सांगितलं, त्याच्या बायकोबद्दल, काकांबद्दल, पहाटे स्कूटरवरून आलेल्या डोनरबद्दल. एच अँटिजेन बनवणाऱ्या जीनबद्दल एक वाक्य नाही.

तू काहीच बोलली नाहीस, फक्त हसलीस. नंतर म्हणालीस, लॅबमध्ये ये एक दिवस, मग ठरव.

तर कॉटन ग्रीनवरून पनवेल लोकल पकडून खारघर. तुझ्या स्टुडंटची पीसीआर (डीएनएच्या कॉपी काढायची पद्धत) तेव्हा कितव्यांदातरी कंटॅमिनेट झालेली, आणि ती पोरगी वैतागायच्या ऐवजी पाणी बदल, प्रायमर बदल, पिपेट बदल असं एकेक तपासत बसलेली, आणि तिला मजा येत होती! मला दुपारी दोनलाच वॉर्डची आठवण यायला लागली. वॉर्डात दिवस संपतो तेव्हा काहीतरी झालेलं असतं, कोणाचं प्लास्टर निघालं, कोणी गेलं, कोणी घरी गेलं. इथे सहा महिने गेले तरी चालतं. ज्याला ते चालतं त्यानेच जावं हे मला तिथे बसून कळलं, वाचून नसतं कळलं.

आणि बाबांना तू जे सांगितलंस त्याचे वेगळे आभार. त्यांना भीती होती की एमडीच केली तर पोरीचं रिसर्चचं स्वप्न गेलं (हो, उंदीरवाले बाबा, तेच!). तू त्यांना परळचीच गोष्ट सांगितलीस. टाटा हॉस्पिटलचे डॉ. खानोलकर पॅथॉलॉजिस्ट, डॉक्टर माणूस. कमल रणदिवे डॉक्टर नाहीत, त्यांच्या वडिलांना मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं असं वाटत होतं, बाईंनी दोन्ही केलं नाही. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी केली आणि पुढे कॅन्सरवर आयुष्यभर काम. "दोघांत मिळून एक एमडी-पीएचडी," म्हणालीस, "एकाच माणसाने दोन्ही ओझी उचललीच पाहिजेत असं नाही." आणि बॉम्बे ब्लड ग्रुप तरी कोणी शोधला, तर जीएस मेडिकलच्या डॉ. भेंड्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, न जुळणाऱ्या रक्ताच्या मागे लागून, लंडनच्या रेस आणि सँगर या रक्तगटांच्या संशोधकांसोबत, १९५२ ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये. बाबांनी त्या दिवसापासून ही गोष्ट अख्ख्या मजल्याला सांगितलीय, प्रत्येक वेळी थोडी वाढवून.

शिवाय तू हेही सांगितलंस जे आमच्या कॉलेजात कोणी सांगत नाही, की इथे एमबीबीएसनंतरही सरळ पीएचडीला जाता येतं, टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) जीवशास्त्राच्या एंट्रन्सला डॉक्टरही बसतात, आणि एमडी झाल्यावरही दार बंद नसतं, रिसर्चला पैसे देणाऱ्या इंडिया अलायन्सच्या क्लिनिकल फेलोशिपला पीएचडी असायलाच हवी असं नाही. म्हणजे आत्ता नाही म्हणणं म्हणजे कायमचं नाही म्हणणं नव्हे. हे ऐकल्यावर मला खरंच झोप लागली त्या रात्री.

तर अपडेट असा की आपला न्यू जर्सीकर एमडी-पीएचडीलाच गेला, आणि मी नीट पीजी देतेय, रँक आला तर ट्रान्सफ्युजन मेडिसिन, म्हणजे ब्लड बँकेची शाखा, घेणार. आई म्हणते ब्लड बँकेत कोण स्वतःहून जातं, पेडियाट्रिक्स घे. बघू.

थँक्यू ताई. त्या कॉलसाठी, लॅबच्या दिवसासाठी, आणि एकदाही "मी तुझ्या जागी असते तर" असं न म्हटल्याबद्दल. एमडीला थिसिस असतोच, त्यामुळे टॉपिक निवडायच्या वेळी मी परत पनवेल लोकल पकडणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. आणि आईने दिलेले डबे परत पाठव, तीन आहेत तुझ्याकडे.

तुझी,
लालबागची