बंद चार्जरचे दिवस कोण मोजणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात कराडहून पुण्याला परतताना सातारा ओलांडल्यावर महामार्गालगतच्या एका हॉटेलात ई-गाडीच्या चार्जिंगला थांबलो. रात्रीचे साडेदहा, बॅटरी १९ टक्के, मागच्या सीटवर झोपलेली आई. ॲपवर चार्जर 'उपलब्ध', प्रत्यक्षात मशीनवर लाल दिवा. वॉचमन म्हणाला, "तीन दिवस झाले बंदच आहे साहेब. गाड्या येतात, बघतात, जातात." हेल्पलाइनवर वीस मिनिटे संगीत ऐकले.

तेवढ्यात दुसऱ्या ई-गाडीतून एक गृहस्थ उतरले. त्यांनी मशीनच्या बाजूचे आणीबाणीचे लाल बटण चाचपले. ते आत दाबलेले होते. उजवीकडे पिळल्याबरोबर टक्‌कन बाहेर आले आणि दोन मिनिटांत मशीन सुरू! कुणा पोराने खेळता खेळता दाबले असणार. त्यापायी तीन दिवस लोक परत फिरत होते.

शहरात ३ बाय ३ किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात एक आणि महामार्गावर दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग स्टेशन असावे, असे केंद्राने काही वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते. 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये आहेत. अंतर ठरले, पैसे ठरले. आता बसवलेले मशीन वर्षातले किती दिवस चालले, याचा आकडा प्रत्येक स्टेशनच्या फलकावर लावायला सांगा. अनुदानाचा शेवटचा हप्ता तो आकडा पाहूनच द्या. पेट्रोल पंपावर निदान ओरडायला तरी माणूस असतो. इथे हॉटेलवाल्याला जागेचे भाडे मिळते, पण मशीन बंद पडले तर काय करायचे हे त्याला कुणी शिकवत नाही. एका पोराला अर्धा तास शिकवले आणि महिन्याला चार पैसे दिले, तरी निम्म्या तक्रारी जागेवर मिटतील असे मला वाटते.

शहरातही तीच गत. पुण्यात गुरुवार हा वीजयंत्रणेच्या दुरुस्तीचा वार. आपल्या भागात वीज कधी जाणार, याचा मेसेज आदल्या दिवशी फोनवर येतो. तीच माहिती चार्जिंगच्या ॲपवर का दिसू नये? गाडीवर जीएसटी ५ टक्के आणि बाहेरच्या चार्जिंगवर १८ टक्के, हे गणितही मला अजून उलगडलेले नाही. १८ टक्के घेता, तर मशीन तरी चालू ठेवा.

बॅटरीचेही तसेच. माझ्या गाडीच्या बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आहे, पण तिची क्षमता आज किती उरली हे मला गाडीत कुठेच दिसत नाही. सर्व्हिस सेंटरला विचारले तर उत्तर एकच, "सगळं ओके आहे." धुरासाठी पीयूसी काढतो, तसा वर्षाला एकदा बॅटरीच्या तब्येतीचा छापील दाखला मिळायला हवा. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला दुसरे काही पाहायचेच नसते!

मार्च २०२२मध्ये लोहगाव परिसरात भर रस्त्यात पेटलेल्या ई-स्कूटरचा व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजून फिरतो. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम बरेच कडक झाले, पण पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट मागितला की सभेत तोच व्हिडिओ पुढे येतो. दीड वर्ष झाले, माझा अर्ज फायलीत आहे. त्यामुळे बाहेरच्या चार्जरवाचून मला गत्यंतर नाही. त्या हॉटेलात पुन्हा जाणे झाले तर मार्कर घेऊन जाणार आहे. बटणाशेजारी लिहायचे आहे, 'उजवीकडे पिळा.'

आपला,
एक ई-कारमालक
सिंहगड रस्ता, पुणे