यंदा पवायचं कुठं?

शहापूर, बेळगाव
२६ एप्रिल

प्रिय दोस्ता,

झुरिकच्या तळ्यात पवतानाचा तुझा फोटो मिळाला. पोट सुटलंय लेका तुझं, पण ते असू दे. मागं एवढं मोठं शहर आणि पुढं तू निवांत उताणा पडलेला. आईला दाखवला तर म्हणाली, "हा अजून पाण्यात उतरतोय?" तुला केसाला धरून वर ओढलेलं ती विसरलेली नाही.

आपला तलाव तेव्हा गावाबाहेर होता. आता चारी बाजूंनी लेआऊट पडलेत आणि तो गावाच्या पोटात आलाय. पाठीला डबा बांधून तुझ्या काकांनी आपल्याला जिथनं ढकललं, ती दगडी पायरी मात्र आहे. परवा मंडळाच्या पोरांनी विचारलं, "दादा, सुट्टीत बारक्यांना तिथं पवायला शिकवू या की?" मी हो म्हणणारच होतो. मग पायरीवर जाऊन बसलो, वास आला आणि गप्प झालो.

नुसत्या वासावर कशाला जायचं, म्हणून कॉलेजात शिकवणाऱ्या ओळखीच्या एका बाईंकडून तपासणीच्या तीन बाटल्या आणल्या. सोपं असतंय बघ. आत औषध लावलेला कागद असतो, खुणेपर्यंत पाणी भरून उबेला ठेवायचं. पाण्यात मैल्यातले जंतू असले की गंधकाचा वायू सुटतो आणि पाणी काळं पडतं. एक बाटली नाल्याच्या तोंडाशी भरली, एक पायरीजवळ, एक पार मधल्या पाण्याची. तिन्ही फ्रीजच्या मागं ठेवल्या. नाल्याची सकाळपर्यंत शाईसारखी झाली, पायरीची संध्याकाळी. मधली दोन दिवसांनी गेली. बायकोनं बाटल्यांना आणि मला, दोघांनाही परसात काढलं.

जंतू आहेत एवढंच यातनं कळतं, किती ते नाही. ते लॅबमध्येच मोजायला पाहिजे. उघड्यावरच्या, नदी-तळ्यातल्या आंघोळीच्या पाण्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं माप आहे: १०० मिलिलिटरमध्ये एकूण कोलिफॉर्म, म्हणजे घाण मिसळल्याची खूण असलेले जंतू, ५०० च्या आत, विरघळलेला प्राणवायू लिटरला निदान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू जेवढा प्राणवायू खातात तो, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत. आणि एकदा मोजून भागत नाही. वळीव पडला की रस्त्यावरचं, गटारीतलं सगळं तलावात उतरतं. काल बरं असलेलं पाणी आज घाण. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस पोरांना लांबच ठेवायला हवं.

मला राग कशाचा येतो सांगू? तलाव सुधारायचा म्हटलं की आपल्याकडं सगळ्यांना काठच दिसतो. फरशी, दिवे, कारंजं, फोटो काढायची जागा. बेळगावातच किल्ला तलावाकाठी २०१८ साली ११० मीटर उंच झेंडा उभा राहिला, लांबनं दिसला की छाती फुगते, खोटं कशाला बोलू. पण पोहणाऱ्याला काठाचं काय? आपल्या तलावात केंदाळ माजलं की बोट घालून काढतात, फोटो पेपरात येतो, आणि पावसाळा सरतोय न सरतोय तोवर पुन्हा हिरवंगार. माजणारच की. सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस त्याचं खत आहे. केंदाळ नसलं तर उन्हाळ्यात हिरवा रंग सांडल्यासारखी साय धरते. त्यातल्या काही शेवाळांचं विष पाणी उकळूनसुद्धा जात नाही. रात्री तेच शेवाळ प्राणवायू खातं आणि पहाटे मासे पोट वर करून तरंगतात. पहाटे फिरायला येणारे म्हणतात, कुणीतरी औषध घातलं.

तू ज्या तळ्यात लोळतोयस त्याबद्दल वाचलं. तेच पाणी शुद्ध करून शहराच्या नळाला जातं म्हणे, म्हणजे तू पिण्याच्या पाण्यात पाय धुतोयस! त्या देशानं १९८६ साली कपड्यांच्या पावडरीतला फॉस्फेटच बंद केला. आपल्या पायरीवर रविवारी चादरी धुणाऱ्या बायकांना हे कसं सांगायचं, हे मला कळत नाही. घरी पाणी दोन दिवसांआड येतंय, त्या तरी कुठं जाणार?

आणखी एक गोष्ट, जंतूंपेक्षा मला तिची जास्त भीती वाटते. मधल्या वर्षांत गाळ आणि माती नेण्यासाठी जेसीबी उतरले. वर पाणी सपाट दिसतं, खाली मात्र कंबरभर पाण्यातनं एक पाऊल टाकलं की दोन पुरुष खोल खड्डा. आपल्या वेळी उतार सावकाश होता, म्हणून तर आपण वाचलो. मंडळाच्या पोरांना दोरीला दगड बांधून, ट्रकच्या ट्यूबवर बसून खोली मोजायला लावलीय. दर दहा पावलांवर वहीत आकडा. मोजणाऱ्यांत पट्टीचे पोहणारेच घेतलेत, तू काळजी करू नको.

तुझ्याकडनं एक काम. तिथल्या घाटावर पाण्याच्या तपासणीचा फलक लावत असतील तर त्याचा फोटो पाठव. काय लिहितात, किती दिवसांनी बदलतात, ते बघायचंय. तसाच मराठी-कन्नडमधला एक आपल्या पायरीवर लावायचा विचार आहे, आकडे वाईट आले तरी.

यंदा बारक्यांना एका शेतातल्या विहिरीवर नेतोय. मालकाची अट एकच आहे, साबण लावून उतरायचं नाही. वहिनींना नमस्कार. गणपतीला येणार असशील तर आधी कळव, डबा माळ्यावरच आहे, गंजलाय थोडा.

तुझाच,
शहापूरवाला